भेसळ

वीस वर्षं मी दाणे निवडते.
लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत,
निळसर काच, काचेखाली दिवा, हातात चिमटा.
चारशे दाणे मोजायचे आणि रकाने भरायचे:
शुद्ध. मेलेला. भेसळ.

भेसळ कशाला म्हणायचं
ते पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलेलं.
बाकीच्यांसारखा नाही, तो.
आखूड, काळपट, बिनकुसळाचा,
कारण नसताना निळा.
असले मी खिडकीतून टाकायची.
चिमण्यांना वेळ पाठ झालेली,
साडेतीनचा चहा, मग भेसळ.

यंदा शिमगा सरला तशा गवंडी मॅडम आल्या
शिरोळकडच्या सातूचं मडकं घेऊन.
आत राख, कडुलिंबाचा वाळका पाला,
आणि मागोमाग मडक्याचे मालक,
आदगोंडा मगदूम,
टोपी मांडीवर ठेवून बाकाच्या कडेला बसले.
"चार सऱ्या असत्यात बघा, उसाच्या अंगाला.
घटाला लागतोय, उन्हाळ्यात पिठाला लागतोय.
बाजारला कवा न्हेला न्हाई. घेतंय कोण?"
बी कुठलं? "वडिलांच्या आदीपास्नंचं.
मदी एकदा सासुरवाडीचं मूठभर पडलंय त्यात,
एका मेंढक्यानं दिल्यालं बी हाय.
निवडत बसाय सवड कुणाला?"

मॅडम हसल्या.
मी वाटी काचेवर पालथी केली
आणि चिमटा हातातच राहिला.

पिवळा, राखी, जांभूळ पिकावं तसा एक,
एकाचं टरफल अंगाला घट्ट शिवलेलं,
एक जन्मतःच उघडा.
देठाला लोंब्या होत्या त्यात
दोन ओळींची एक, सहा ओळींची एक,
आणि एक अशी की तिचं तिलाच ठरवता आलं नव्हतं.

"मॅडम, ही सगळीच भेसळ. शुद्ध कुठला धरू?"
"शुद्ध राहू दे. भेसळच पाहिजे मला.
प्रत्येक तऱ्हेला वेगळं पाकीट करा."

एकशे बारा पाकिटं झाली.
डिंक संपला, तर भात लावून चिकटवली शेवटची.

पावसाळ्यात मॅडमच्या काचघरात, मशीनच्या गारठ्यात
ट्रे मांडले. शेजारी कंपनीचं सुधारित वाण,
कवायतीला उभ्या पोरांसारखं, एका उंचीचं.
मग मुद्दाम भुरी सोडली.
पोरं आठवड्यात पांढरी पडली, सगळी एकदम.
आमच्यातलेही पुष्कळ गेले, खोटं कशाला सांगू.
एकोणीस हिरवे राहिले.
त्यातला सत्तेचाळीस नंबर
ठेंगणा, मानेत वाकलेला, दाणा निळा.
डोळे मिटूनसुद्धा खिडकीबाहेर टाकला असता मी.

मॅडम म्हणाल्या, आता संकर करायचे,
मग निवड, मग पुन्हा संकर.
दहा वर्षं धरा. हाती काही लागेल असंही नाही.

त्या रात्री हिशेब मांडला होता,
दिवसाला इतके, महिन्याला इतके, वीस वर्षं.
बेरजेपर्यंत गेलेच नाही.
सगळं काही सोनं नसणार त्यात,
निम्मं तण असेल, निम्मं खरंच कुचकामी.
पण ते मला ठाऊक नाही.
मी रकाना भरला होता, दाणा बघितला नव्हता.

घट बसायला आठ दिवस राहिले
तेव्हा मगदूमआण्णा मडकं न्यायला आले.
उरलेलं बी मडक्यात भरलं,
आणि एकोणीस पाकिटांतलं थोडं थोडं वेगळं बांधून
मोठ्या मानानं पुढं केलं. हे टिकलेलं, म्हटलं.
त्यांनी पुडी सोडली, तळहातावर फिरवली
आणि ओतली सरळ मडक्यात.
वर हात घालून ढवळलं.
"येगळं कशाला? म्होरलं वरीस
कसलं येतंय, कुणाला ठावं?"

आज सोयाबीन आहे काचेवर.
फॉर्म तोच, रकाने तेच.
साडेतीन वाजले तसा बिस्किटाचा चुरा
टाकला खिडकीतून.
चिमण्यांनी चुऱ्याकडं बघितलं,
मग माझ्याकडं.