इतर हक्क

आमच्या वावरात एक चिंच आहे,
ती आमची नाही.

पांझरेच्या डाव्या पाटाखाली, शेवटच्या चारीला,
गट नंबर बत्तीस, पोटखराबा तीन गुंठे.
माती आमची, बांध अर्धा आमचा,
पाण्याची पाळी दर आठव्या रात्री आमची,
आणि मधोमध उभी ती
झिपरू पुंजूच्या घराण्याची.
जुन्या उताऱ्यात, 'इतर हक्क'च्या रकान्यात
निळ्या शाईनं: चिंच झाड एक.

का दिली, याच्या दोन गोष्टी आहेत.
आमच्या घरात सांगतात, ऐन पेरणीत बैल मेला
तेव्हा झिपरूनं आपला बैल आमच्या औताला दिला.
त्यांच्या घरातल्या गोष्टीत बैल नाहीच.
तिथे एक तान्हं मूल आहे, आमचं,
आणि झिपरूच्या बायकोचं दूध.

आम्हा पोरांना एवढंच ठाऊक
की पडलेलं बोटूकही उचलायचं नाही.
सावलीत भाकरी खा, बैल बांध, अखाजीला झोका बांध.
सावली भुईवर पडते, म्हणजे ती आपली,
शेंडा त्यांचा, असं नाना म्हणायचे.
झोक्याचा दोर ज्या फांदीला, ती कुणाची,
हे आम्ही कधी विचारलं नाही.

फाल्गुनात केवळबाई यायची
खांद्यावर लांब बांबू घेऊन,
आणि आल्याबरोबर आईकडे पाणी मागायची.
ती तहान होती की परवानगी, मला अजून कळलेलं नाही.
सांजेला तिची तीन पोती गाडीत
आणि आमच्या ओट्यावर एक पाटी, न बोलता ठेवलेली.
आई ती पाटी रिकामी धाडत नसे.
कळण्याचं पीठ, नाहीतर भरताची चार वांगी.

केवळबाई गेली. तिचा भटू उधन्याला लूमवर.
उतारा कॉम्प्युटरवर चढला
तेव्हा तो रकाना कोरा निघाला.
हिंमत म्हणाला, बरं झालं,
तिच्याखाली कापूस गुडघ्याच्या वर येत नाही,
सहा सऱ्या दरसाल वाया.
लाकडाचे अकरा हजार द्यायला व्यापारी तयार आहे.

नाना उठले. पत्र्याच्या पेटीतून
घड्यांवर फाटलेला जुना उतारा काढला,
त्याचा फोटो भटूला पाठवायला लावला,
हिंमतच्याच मोबाईलवरून.
"कागदमाईन गयं, वावरमाईन गयं का?"
हिंमत दोन दिवस घरात जेवला नाही.
भटूचं उत्तर आलं:
एक पिवळा अंगठा.

मी सही केली होती, गेल्या वर्षी.
शिरपूरहून एसटीनं येऊन, हक्कसोडपत्रावर.
जबरदस्ती कुणीच केली नाही.
साक्षीदारांनी चहा घेतला,
हिंमतनं साडी आणली होती, चांगली होती,
रंग मीही तोच निवडला असता.
साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं?
मी हो म्हटलं, आणि पंखा फार आवाज करत होता.

या अखाजीला आले, वावरात एकटीच गेले.
भटू आलेला नाही.
चिंचा पिकून खाली पडल्यात.
नाना उचलत नाहीत,
हिंमत रागानं उचलत नाही,
वहिनी नानांना भिऊन.
लोटन आप्पाच्या शेळ्या मात्र रोज येतात,
त्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यात नाही.

चपला का काढल्या, कोण जाणे.
झाड त्यांचं, माती यांची,
असं मनात म्हटलं
आणि 'यांची' या शब्दाला अडखळले.
मग वाकले.
घराचा नियम घरच्यांना.
बोटूक उचललं, टरफल सोललं, तिथेच उभ्यानं खाल्लं.
आंबट होतं, एका टोकाला किडकं.

चिंचोके निघाले चार.
थुंकायला बांधापर्यंत आले,
बांध अर्धा यांचा, अर्धा लोटन आप्पाचा.
ते मुठीत तसेच राहिले
सोनगीरपर्यंत,
कंडक्टरनं सुट्टे मागेपर्यंत.