कुऱ्हाडीचं पायतान

कळे गावाच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्यावर,
ऊसगाड्यांच्या धुळीत तिचा भाता चालू होता.
मी थांबले ती खरं तर पंक्चरमुळं.

राणूबाई साळुंखे. नाव तिनं नंतर सांगितलं,
आधी घणाचे ठोके पुरे केले.

डिकीत माझी नवी कुऱ्हाड होती, घरपोच आलेली,
नारिंगी रबरी मूठ, पात्यावर अस्वलाचा छाप.
तिनं उलटीपालटी करून बघितली. हसली नाही.
'ह्यानं काय, केक कापायचा?'

मग पोत्यावर पाच पाती मांडली,
ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातनं काढलेली.
'उचल. हात लांब करून थांब.
मनगट बोंबललं की ती तुझी न्हवं.'
दोन बोंबलल्या. तिसरी थांबली.
'जाड गालाची घे. पातळ पातं लाकडात शिरतंय
आन तिथंच बसतंय, जावई आल्यागत.'
धार बघायला मी अंगठा पुढं केला,
तिनं मनगटच धरलं:
'लाकूड फोडायचंय का दाढी करायचीय?'

दांडा धामणीचा. एक डोळा मिटून,
बंदुकीगत धरून बघायला लावला.
रेषा पात्याच्या दिशेनं धावल्या पाहिजेत,
आडव्या गेल्या तर एक दिवस
दांडा हातात आन पातं शेजारणीच्या दारात.
मी बँकेत सह्या तपासते, अठरा वर्षं.
रेषा कुठं वळते ते मला कळतं.
तिनं दिलेला पहिला दांडा मी परत केला,
तेव्हा तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

म्यान नव्हतं. पेपरात गुंडाळून
चप्पल लाइनीत गेले, भुजिंग व्हटकरांकडं.
त्यांनी पातं पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली,
गिऱ्हाइकाचा पाय आखावा तशी.
'कितवा नंबर म्हणायचा हा?'
म्हशीचं कातडं, दुहेरी टाका,
आणि न मागता वर एक लाल गोंडा.
'पायतान म्हटल्यावर गोंडा पायजेच.'

डिसेंबरात आम्ही चौघी, तंबू दोन,
कुंभीच्या पाण्याकडेला, रानाच्या मालकाला विचारून.
उभ्या झाडाला हात नाही.
पडलेली किंजळ मिळाली, ठोकली तर खणखणणारी.
पहिले घाव मी डोक्यावरनं घातले, सिनेमातल्यासारखे.
चौथा घसरला
आणि बुटापासून चार बोटांवर मातीत गेला.
म्हण सगळ्यांनाच आठवली असणार.
कुणी बोललं नाही.
तबस्सुमनं गुपचूप स्टोव्ह बाहेर काढला.

मग गुडघ्यावर बसले.
राणूबाईनं सांगितलं होतं,
मी तेव्हा पंक्चरवाल्याकडं बघत होते:
पातं लाकडाच्या माथ्यावर टेकव,
दोघांना मिळून उचल,
दोघांना मिळून ओंडक्यावर आपट.
गाठ टाळून, कडेनं.
एकदा. दोनदा.
तिसऱ्याला लाकडानं आतनं कडी काढल्यागत झालं.
आतला रंग वाळल्या चिंचेचा,
आणि असा वास, जो त्या झाडानं स्वतःही
कधी घेतला नसेल.

पांढरा रस्सा उकळेपर्यंत फोडत राहिले,
लागेल त्याच्या दुप्पट.
'बास की आता,' मालिनी म्हणाली,
'गावजेवण हाय काय?'

फेब्रुवारीत दांडा हलायला लागला.
कळ्याला गेले, तर भात्याच्या जागी
काळं वर्तुळ, चार लोखंडी चिपा.
'गेलं की बिऱ्हाड,' पंक्चरवाला म्हणाला,
'निपाणीकडं, न्हाईतर घाटाखाली.'
नंबर तिनं दिला नव्हता, मी मागितलाही नव्हता.

राजारामपुरीतल्या गॅलरीत, रविवारी दुपारी,
उरलेल्या किंजळीची पाचर तासली, तीनदा चुकून.
ठोकली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी
छताला काठी लावून उलट ठोकलं.
आणखी दोन घाव घातले. पाचर बसली.

आता ती चपलांच्या रॅकमध्ये असते,
सगळ्यात खालच्या फळीवर, गोंड्यासकट.
पाहुणे बूट काढताना वाकतात, बघतात,
विचारतात,
ह्याचा दुसरा जोड कुठाय?