सात मीटर

पहिल्या नकाशात बारा खांब होते.
दलदलीच्या मधोमध अधांतरी शाळा,
छतावर शेवाळ, भिंतींत गवताच्या पेंढ्या,
आणि उत्तरेला एवढी काच
की साठ मुलांना एकदम दिसावेत क्रौंच.

एन्डेल आला तो लांब काठ्या घेऊन.
चाळीस वर्षं त्यानं इथलीच काळी माती कापली,
वाळवली, तार्तूच्या भट्ट्यांना धाडली.
त्यानं काठी खुपसली. गेली.
तिला दुसरी जोडली. तीही गेली.
"सात मीटर. वर्षाला एक मिलिमीटर. कर हिशेब."
हिशेब मला पाठ होता.
अनुदानाच्या अर्जात मीच तो लिहिला होता,
ठळक अक्षरांत.

"आणि यात तू बारा खिळे ठोकणार,
पोरांना सांगायला, की पाय जपून टाका."

त्या रात्री खोडरबर घेतलं.
आधी मधले खांब गेले. मग काच.
(पाखरं आपटून मरतील, हे माझ्या भाचीनं,
नऊ वर्षांच्या लीस्बेतनं, केव्हाच सांगितलं होतं.
मी हसले होते.)

समितीत दोन तास चर्चा झाली ती संडासाची:
पाण्याविना, नुसता लाकडाचा भुसा,
वास येईल का, पालक काय म्हणतील.
शाळा तीनशे पावलं मागं,
वाळूच्या उंचवट्यावर सरकली
हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

वासे जुन्या यंत्रशाळेचेच.
त्यांवर कामगारांनी कोरलेली नावं होती,
तिथं रंधा फिरवू दिला नाही.

आता एकच खोली. बाक, चूल,
ओले बूट टांगायला साठ खुंट्या.
दारातून फळ्यांची वाट निघते,
नुसती टेकवलेली, उद्या उचलता येईल अशी,
आणि संपते तिथं शेवटच्या फळीला एक भोक.
"ही चूक आहे का?" इंजिनिअरनं विचारलं होतं.

उद्घाटनाला रास्मुस नावाचा पोरगा पालथा पडला,
खांद्यापर्यंत हात आत.
"गार आहे," म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "खाली अजून आहे."

त्याच्यानंतर रांगेत एन्डेल.
गुडघे टेकायला त्याला वेळ लागला.
बाही दुमडली, मूठ मिटली, उघडली.
हात मावेना.

मी खिशात पेन्सिल चाचपत राहिले.