मानशीची काठी

बायोप्सीची बाटली तो स्वतःच घेऊन आला बांबोळीला,
तिसऱ्या मजल्यावर, चपला दाराबाहेर काढून.
पुरसो वळवईकर, वय एकसष्ट, नेवरा.
फॉर्मॅलिनमध्ये कणीएवढे चार तुकडे,
आणि तो विचारतो, "हांतूंत हांव खंय?"

मी फक्त काप घेते.
मेणात बसवलेला माणूस पात्याखालून
रिबिनीसारखा निघतो, कोमट पाण्यावर तरंगतो.
त्याला काचेवर झेलायचं.
एकवीस वर्षं एवढीच नोकरी.

शिक्का मिळेपर्यंत तो बाकावर बसून बोलत राहिला.
अकरा वर्षं पोटात आग. रक्त पडायचं,
मूळव्याध समजून सोलकढी प्यालो.
मग खाजनाचं सांगू लागला,
कारण पोटापेक्षा त्याला तेच जास्त कळतं:
मानशीचं दार लाकडाचं, कुलूप नाही.
भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतं,
ओहोटीला आपोआप उघडतं.
पण रात्री कुणीतरी फटीत काठी खुपसतं, सुंगटांसाठी.
दार मिटत नाही. सकाळी खारं पाणी शेतात.
"उदक वायट न्हय, बाये. बडी वायट."

चांगल्या आतड्यात पेशी चार-पाच दिवस जगते.
खळग्याच्या तळाशी जन्मते, वर सरकते,
काठावर पोचली की हात सोडते.
कुणी तेरावं घालत नाही.
आणि मधेच बिघडली, तर तिची कात्री तिच्याच पोटात असते.
ती कात्री चालली की माझा रंग तिथे तपकिरी धरतो.

मॅडमच्या अभ्यासासाठी एक जादा काप घेतला,
आणि मी पुरसोमध्ये तपकिरी शोधत बसले.
गाठीत निळं. परत निळं.
एका कोपऱ्यात दोन ठिपके, तेही शंकास्पद.
आणि गाठीभोवती काळसर गर्दी,
आग लागली म्हणून धावून आलेले शेजारी,
अकरा वर्षं झाली, घरी गेलेच नाहीत.

मिनेझिस मॅडम डबा खाताना सांगतात:
हे शेजारी ओरडतात, जखम आहे, तग धरा, वाढा, मरू नका.
निरोप असतो सोललेल्या अस्तरासाठी,
ऐकते मात्र बिघडलेली पेशी.
त्यातल्या एका निरोपात तर दोन्ही आज्ञा असतात,
मर आणि जग.
ही पहिली गिळते, दुसरी पाठ करते
आणि मरणाच्या दाराच्या फटीत
एक प्रथिन आडवं घालते.
"मग ओरडाच बंद करायचा," मी म्हटलं.
"मग खरी जखम कोण भरणार?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं.
काठीबद्दल मी त्यांना काही बोलले नाही.

रिपोर्ट न्यायलाही तोच आला. मुलगा शारजाला.
रिपोर्टात गाठीचं नाव, प्रत, दोन सह्या.
नियमात बसत नाही, तरी मी त्याला मायक्रोस्कोपवर वाकवलं.
त्याने एक डोळा मिटला,
बांधावरून पाण्याचा तळ बघतात तसा.
"हे काळे कोण?"
मदतीला आलेले, म्हटलं.
बराच वेळ तो वर उठला नाही.
"उजो पालवला म्हूण तांकां कोणेंच सांगूंक ना?"

पुरसो, आग विझलीच नव्हती,
आणि आता ती कोण कुणासाठी पेटती ठेवतंय
हे चार मायक्रॉनमध्ये दिसत नाही.
हे मी बोलले नाही.
ऑन्कोलॉजीची ओपीडी मंगळवारी,
केसपेपर खाली काढायचा, एवढं सांगितलं.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
साडेतीनला सुकती लागते,
त्याआधी मानशीवर पोचायला हवं,
कुणीतरी बघायला हवं.
चपला घालताना त्याने कागद घडी करून
सदऱ्याच्या आत ठेवला,
भिजू नये म्हणून.
बाहेर लख्ख ऊन होतं.