कापडी

विल्वेनं जुनी चादर फाडली,
बारा चौकोन, कडा दुमडून शिवल्या.
उरलेले कागदी नॅपकिन
शेजारणीच्या कोंबड्यांच्या खुराड्यात गेले.

एंडेल मुळातच अबोल.
तार्तूच्या हिवाळ्यात तेही खपून जातं.
सांगायचं ते नॅपकिनवर लिहून
बशीखाली सरकवायचा:
दूध संपलंय. उशीर होईल.
थोरली घर सोडून गेली त्या वर्षी, एकदाच:
माझं चुकलं.
तो कागद पिठाच्या डब्यामागे आहे अजून.
कोंबड्यांना नाही दिला.

आज बिटाचं सूप.
सवयीनं खिशातून पेन निघालं,
कापडावर टेकलं,
शाई पसरली. अक्षर उमटेना.
ती बघत होती. उठली नाही.

त्यानं घसा खाकरला.
"मीठ," म्हणाला,
आणि बऱ्याच वेळानं,
"बरोबर पडलंय."