दोन तास अकरा मिनिटं

अदिस अबाबा. काचेपलीकडचा अधिकारी
फोनचं बिल उलटतोय.
हिरुतने सगळं आणलंय: लग्नातले फोटो
(एकात त्याचे डोळे मिटलेले),
डेन्व्हरहून आलेल्या पैशांच्या पावत्या,
सासूचं पत्र, भाषांतर जोडून.

"नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो?"
"भिंतीकडे."
मग म्हणते, "तेव्हा तरी.
नऊच रात्री राहिला होता."

पेन एका ओळीवर अडतं.
चौदा मार्च. दोन तास अकरा मिनिटं.
"एवढं काय बोललात?"

"काही नाही.
रात्रपाळी करून आला होता,
बोलता बोलता झोपला.
घोरत होता.
मी कांदे चिरत बसले,
फोन मिठाच्या डब्याला टेकवून."

तो काहीतरी लिहितो.
तिच्या बाजूने अक्षरं उलटी.
लांबलचक ओळ आहे,
एवढंच कळतं.