एक ते पाच

सेलूच्या सरकारी दवाखान्यामागं, एक्स-रेच्या बंद खोलीत
आमचं टेबल. दोनशे चाळीस घड्याळं, काळी, रबरी,
आणि चिठ्ठ्या टाकणारा कॉम्प्युटर:
अर्ध्यांना रोज सकाळी संदेश, उठा, चाला, मीठ कमी करा.
अर्ध्यांना काहीच नाही.
रात्री आठला प्रश्न मात्र सगळ्यांना:
आज मन कसं आहे? एक ते पाच.

सोजरबाईंना 'काहीच नाही' आलं.
क्रमांक एकशे चौदा, साखर दोनशे ऐंशी,
जिनिंगवर कापसातला कचरा निवडायच्या.
घड्याळ बांधताना म्हणाल्या, ह्यात वेळ दिसंना की.
हे पावलं मोजतं, मी म्हणालो.
"मंग वेळ कोन मोजावं?"

सहा महिने त्यांनी तीनच दाबला.
भावजय वारली त्या दिवशी तीन.
नातू पोलीस भरतीत निघाला, तीन.
पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, हा डेटा नाही, हट्ट आहे.
मी विचारायला गेलो. फाटकात आल्या, केसांवर कापूस.
"तीन मधी हाय, अंगठा तिथंच टेकतो.
आन् एक दाबलं तर तुमी इचारायला येताल."
मी तर तीन दाबूनही आलो होतो.

मे महिन्यात निधी संपला. घड्याळं परत घेतली,
पट्ट्यांना घामाचा वास, एकीच्या फटीत हळद.
निष्कर्ष: दोन गटांत लक्षणीय फरक नाही.
टेबलावर आता लसींचा बर्फाचा डबा.

पण आठ वाजता माझ्या फोनवर
मिस कॉल. पुन्हा. पुन्हा.
एकशे चौदा.
कुठल्याच रकान्यात न बसणारे तीन, रोज.
मी मोजायचो, आणि मग भाकरी मोडायचो.

परवा एकच आला.
आठ पाच. आठ दहा. चप्पल घातली, काढली.
मग फोन लावला, या नोकरीत पहिल्यांदा
प्रश्नावली हातात न घेता.

मागं कुणीतरी भांडी घासत होतं.
"काय नाही रं, चार्जिंग उतरली व्हती."
आणि जरा थांबून,
"तुपलं किती हाय?"

मी घसा खाकरला.
समोर पाल होती, अर्धी ट्यूबलाईटमागं.
एक ते पाच. सोपं असतं,
लोकांना मीच समजावून सांगायचो,
त्यांची बोटं धरून, एकेक.